थंडीची रात्र आणि विजेचें अंथरूण

प्रवासांत एक वेळ जेवण चुकलें तरी मनुष्य दुसऱ्या दिवशीं तें विसरतो; पण थंडींत कुडकुडत काढलेली रात्र तो जन्मभर विसरत नाहीं. आमच्या लहानपणीं वाईस मार्गशीर्ष-पौषांत कृष्णेवरून वारा सुटला म्हणजे माजघरांत शेगडी पेटे, आणि आम्ही सात-आठ मुलें एकाच वाकळेखालीं एकमेकांस ढकलीत झोंपत असूं. ऊब ही मोजावयाची वस्तु आहे, असें तेव्हां कोणास स्वप्नांतही वाटलें नसतें. ती मोजण्याचा प्रसंग आम्हांवर पासष्टाव्या वर्षीं आला. आणि तोही कोठें, तर स्कॉटलंडच्या डोंगरांत, चार चाकांवरील एका घरांत! त्या प्रसंगीं आमच्या हातून जी चूक झाली ती न लपवितां येथें सांगण्याचें योजिलें आहे. कारण मुलेंबाळें परदेशीं असलेलीं घरें आतां आपल्यांत पुष्कळ झालीं आहेत, आणि आपल्याकडेही असल्या गाड्या घेऊन हिमाचल-लडाखकडे जाणारी तरुण मंडळी दिसूं लागली आहे. आमच्या चुकीवरून एखादें घर सावध झालें तर ती चूक अगदींच वायां गेली असें होणार नाहीं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सहाव्या अध्यायांत ऋतुचर्या सांगितली आहे. हेमंतांत गार वाऱ्याच्या स्पर्शानें शरीरांतील अग्नि आंतच कोंडला जाऊन बलवान होतो, असें तेथें म्हटलें आहे; आणि त्या काळीं यान, शयन व आसन हीं तिन्ही बंदिस्त व कांबळीं, चर्में, रेशमी वस्त्रें यांनीं आच्छादिलेलीं असावींत, असा उपदेश केला आहे. हा भाग आम्हीं प्रथम वाचला तेव्हां यान निराळें, शयन निराळें आणि आसन निराळें अशीच आमची समजूत होती. गेल्या ऑक्टोबरांत आमच्या चिरंजीवांनीं एडिनबरा येथें आपल्या दाराशीं एक भाड्याची गाडी आणून उभी केली, तेव्हां हे तिन्ही पदार्थ पत्र्याच्या एका पेटींत बसवितां येतात हें आम्हांस प्रत्यक्ष दिसलें.

या गाडीस कॅम्पर व्हॅन म्हणतात. १९५० सालीं जर्मनींतील फोक्सवॅगन कंपनीनें आपली पेटीसारखी मोटार काढली, आणि दुसऱ्याच वर्षीं वेस्टफालिया या कारखान्यानें तींत बसेल असें निजण्या-बसण्याचें सुटें सामान तयार केलें. तेव्हांपासून युरोपांत हा प्रकार फार लोकप्रिय झाला. आमच्या गाडींत मागें दोघांपुरता पलंग, पुढें दिवसां बांक व रात्रीं बिछाना होणारी दुसरी जागा, दोन ज्योतींची गॅसची शेगडी, हातभर मोरी आणि लहानसा फ्रिज इतका संसार होता. आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई आणि सात वर्षांचा नातू अशीं पांच माणसें तींत राहणार होतों. सौभाग्यवतींनीं वाईहून एक गोधडी बरोबर आणली होती. जुन्या लुगड्यांचे पदरावर पदर घालून ती आमच्या मातोश्रींनीं शिवलेली. विमानांत वजनाचा हिशेब इतका कडक, आणि आई गोधडी घेऊन आली, म्हणून चिरंजीव पुष्कळ हंसले. सौभाग्यवती कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं ती गाडीच्या कपाटांत नीट घडी घालून ठेविली.

मोटारीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो. त्याच्या आंतून लोंकरीचा किंवा फोमचा थर देऊन वर फळ्या मारतात. तरीपण कांचा, दारांच्या फटी आणि झांकतां न आलेला लोखंडी सांगाडा यांतून ऊब निघून जातेच. मातीच्या भिंतींचा वाडा दिवसाचें ऊन रात्रीं परत देतो. पत्र्याची पेटी सूर्य मावळतांच गार पडते. ऑक्टोबरच्या मध्यास त्या डोंगरांत रात्रीं पारा शून्याच्या आसपास उतरतो, ही गोष्ट लक्षांत घेतली म्हणजे पुढील हकीकत समजेल.

पहिला मुक्काम ग्लेन्कोच्या दरींत होता. दोन्ही बाजूंस काळेकभिन्न डोंगर, आणि मधून रस्ता. याच दरींत १६९२ सालच्या १३ फेब्रुवारीच्या पहांटें राजाच्या शिपायांनीं, ज्यांच्या घरीं कित्येक दिवस पाहुणचार घेतला त्याच मॅक्डोनाल्ड कुळावर शस्त्र चालविलें. सुमारें अडतीस माणसें मारलीं गेलीं; परंतु जीव घेऊन बर्फांत पळालेल्यांपैकींही कित्येक थंडीनें मेलीं, असें इतिहास सांगतो. चिरंजीवांनीं ही कथा सांगितली तेव्हां यजमानघातक्यांच्या पापाचाच विचार आमच्या मनांत आला. थंडीचा विचार आला नाहीं. तो पुढच्या रात्रीं आला.

तेथील तळावर प्रत्येक गाडीसाठीं विजेचा एक खांब असतो. त्यास निळ्या रंगाची तीन खिळ्यांची जोडणी, आणि तींतून गाडीपर्यंत नारिंगी रंगाची जाड केबल. केबल कितीही लांब असली तरी तिचें वेटोळें पूर्ण उलगडून ठेवावें लागतें; गुंडाळलेल्या केबलींतून मोठा प्रवाह गेला तर ती तापते आणि वितळूंही शकते. आमच्या खांबावर १० अँपियरची मर्यादा लिहिली होती. विजेचा दाब २३० व्होल्ट, म्हणजे एकूण शक्ति २३०० वॅट. सौभाग्यवतींनीं चहासाठीं २००० वॅटची किटली लावली, आणि तेवढ्यांत नातवानें २००० वॅटची पंख्याची शेगडी पूर्ण जोरावर सुरू केली. थोड्याच वेळांत खांबावरील खटका पडला आणि सर्वत्र अंधार झाला. ज्याच्या नांवानें वॅट हें परिमाण चालतें तो जेम्स वॉट १७३६ सालीं याच देशांतील ग्रीनक गांवीं जन्मला. त्याच्या देशांत येऊन त्याचाच हिशेब चुकावा याचें आम्हांस हंसूं आलें. छत्तीस वर्षें मुलांस अंकगणित शिकविलेला मनुष्य दुसऱ्याच्या चुकीस सहज हंसतो.

त्या रात्रीं विजेचें अंथरूण आम्हीं प्रथम पाहिलें. गादीवर पसरण्याची ती एक जाड चादर असते, व तिच्या दोन पदरांमध्यें बारीक तार नागमोडी फिरविलेली असते. प्रवाह वाहतांना तार तापते, आणि ती उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते, हा नियम जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४० च्या सुमारास शोधून काढला. आमच्याजवळ अशा दोन चादरी होत्या. एक घरगुती, २३० व्होल्टांची, दोन माणसांच्या पलंगाची, पूर्ण जोरावर १२० वॅट घेणारी. दुसरी मोटारीच्या बॅटरीवर चालणारी, १२ व्होल्टांची, अवघी ५० वॅटांची. सूनबाईंनीं निजण्यापूर्वीं अर्धा तास पहिली चादर सुरू केली, आणि आम्ही पलंगावर चढतांच बटण बंद करून प्लगही काढला. अंथरूण भाकरीच्या पाटीसारखें ऊन लागत होतें. इतकें सुख हातीं असतां तें बंद कां करावें, हें आम्हांस कळलें नाहीं. मुलांच्या अंगीं हल्लीं फार काटकसर आली आहे, असें म्हणून आम्ही झोंपलों.

पूर्वीं या देशांत मातीच्या बाटलींत कढत पाणी भरून ती बिछान्यांत ठेवण्याची चाल होती. स्कॉट बोलींत मातीच्या भांड्यास 'पिग' म्हणतात, आणि इंग्रजींत तोच शब्द डुकरासही आहे. ही माहिती नातवानें आजीस पुरविली, तेव्हां तें साधन आपल्या अंथरुणांत येतां कामा नये, असें सौभाग्यवतींनीं निक्षून सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा घेतांना चिरंजीवांनीं आम्हांस एक हिशेब सांगितला. तो फार महत्त्वाचा आहे. झोंपलेला प्रौढ मनुष्य स्वतःच सत्तर-ऐंशी वॅट उष्णता बाहेर टाकीत असतो. म्हणजे आम्ही उभयतां मिळून दीडशें वॅटांची शेगडी झालों. ती त्या १२० वॅटांच्या चादरीहूनही मोठी! ही ऊब फुकटची आहे, रात्रभर चालणारी आहे, आणि तिला तारेची गरज नाहीं. मग थंडी कां वाजते? तर थंड अंथरूण पहिल्या घटकेंत ती सारी शोषून घेतें म्हणून, आणि नंतर अंगाखालून, डोक्यावरून व फटींतून ती निघून जाते म्हणून. यास्तव विजेनें अंथरुणाची पहिली गारठी मोडावी, आणि पुढील रात्रीचें काम शरीर व पांघरूण यांवर सोंपवावें. सगळ्या गाडींतील हवा तापवूं गेल्यास हजार वॅटांची शेगडीही पुरत नाहीं, कारण ती ऊब पत्र्यांतून बाहेरच्या डोंगरास वांटली जाते. आंतील अग्नि कोंडून ठेवण्याची चरकाची कल्पना आणि चिरंजीवांचा वॅटांचा हिशेब एकाच ठिकाणीं येऊन मिळाले, याचा आम्हांस आनंद झाला. परंतु ऐकलेली विद्या आणि पचलेली विद्या यांत अंतर असतें.

त्या दिवशीं फोर्ट विल्यमवरून, ब्रिटनमधील सर्वांत उंच अशा १३४५ मीटरांच्या बेन नेव्हिस पर्वताखालून जाऊन आम्ही पूर्वेस स्पे नदीच्या खोऱ्यांत, केर्नगॉर्म पर्वताच्या पायथ्याशीं पोंचलों. स्कॉटलंडांत २००३ सालच्या कायद्यानें पायीं जाणाऱ्यास मोकळ्या रानांत तंबू ठोकण्याचा हक्क मिळाला आहे. मोटारीस तो हक्क नाहीं. म्हणून एका शेतकऱ्यास पैसे देऊन त्याच्या कुरणांत जागा घेतली. तेथें विजेचा खांब नव्हता. आकाश स्वच्छ, चांदणें पिठासारखें पडलेलें. असल्या निरभ्र रात्रीं जमिनीची ऊब अडविण्यास ढगांचें पांघरूण नसतें, म्हणून थंडी अधिक पडते. चिरंजीवांनीं निजतांना बजावलें, "बाबा, आज सगळी मदार बॅटरीवर आहे. बारा व्होल्टांची चादर अर्धा तास लावली आहे, तेवढी पुरे."

सौभाग्यवतींस पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, आणि त्यांचे पाय नेहमींच गार पडतात. दहाच्या सुमारास त्या हळूच म्हणाल्या, "पाय बर्फ झालेत हो." मुलें झोंपलीं होतीं. आम्हीं अंधारांत चांचपून कपाटांतील घरगुती चादर काढली, ती त्यांच्या अंगाखालीं पसरली, बॅटरीच्या विजेचें घरगुती विजेंत रूपांतर करणाऱ्या इन्व्हर्टरला तिचा प्लग जोडला, आणि बटण शेवटच्या आंकड्यावर नेलें. पांच-दहा मिनिटांत त्या समाधानानें घोरूं लागल्या. आपण मुलांपेक्षां शहाणे ठरलों, या आनंदांत आम्हांसही झोंप लागली.

दोनच्या सुमारास जाग आली ती थंडीनें. गाडींत दिवा लागेना. फ्रिजचा बारीक आवाजही थांबला होता. अंथरूण गार पडलें होतें, श्वास धुरासारखा दिसत होता, आणि सौभाग्यवती झोंपेंतच कुडकुडत होत्या. आम्हांस फार शरम वाटली. मुलांस उठवावें तर चूक कबूल करावी लागते. गॅसची शेगडी हाताशीं होती. पांच मिनिटें दोन्ही ज्योती लावूं, गाडी तापली कीं विझवूं, असा विचार करून आम्हीं काडीपेटी हातीं घेतली. तोंच मागून कोणी मनगट धरलें.

"बाबा, काय करतां?"

"जरा शेगडी लावतों. पांच मिनिटेंच. तुझ्या सासूबाई गारठल्या आहेत."

सूनबाईंनीं काडीपेटी काढून घेतली. "पांच मिनिटांनीं बंद करूं, असेंच सगळे म्हणतात. मग ऊब लागते, डोळा लागतो, आणि सकाळीं कोणीच उठत नाहीं. आपण पांच जण आहों, बाबा."

सुनेनें सासऱ्याचा हात धरावा, असा प्रसंग आमच्या घरांत पूर्वीं आला नव्हता. पण 'आपण पांच जण आहों' हे शब्द ऐकल्यावर नातवाच्या अंथरुणाकडे आमची दृष्टि गेली, आणि आम्ही मुकाट्यानें खालीं बसलों.

या ठिकाणीं वाचकांनीं नीट लक्ष द्यावें. बंद जागेंत ज्योत अथवा निखारा जळत राहिला म्हणजे हवेंतील प्राणवायु कमी होत जातो, जळण अपुरें होतें आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निर्माण होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, त्यानें ठसकाही लागत नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं या वायूस चिकटतें; त्यामुळें मनुष्य प्रथम सुस्तावतो, डोकें जड होतें, आणि झोंपेंतल्या झोंपेंतच प्राण जातो. उत्तर हिंदुस्थानांत बंद खोलींत कोळशाची अंगीठी ठेवून झोंपलेलीं कुटुंबें सकाळीं मृत आढळलीं, अशा बातम्या प्रत्येक हिवाळ्यांत येतात. आमच्या लहानपणच्या माजघरांत शेगडी चाले, कारण कौलांच्या शेंकडों फटींतून वारा खेळत असे. शिवाय निजण्यापूर्वीं आजी ती स्वतः उचलून अंगणांत नेऊन ठेवी. ती असें कां करी, हें आम्हांस साठ वर्षांनंतर स्कॉटलंडच्या कुरणांत कळलें. कांहीं गाड्यांत डिझेलवर चालणारें ऊबयंत्र असतें. त्याची ज्योत बंद पेटींत जळते, तें जळणासाठीं हवा बाहेरून घेतें आणि धूरही बाहेर सोडतें. आमच्या गाडींत तें नव्हतें. असतें तरी बॅटरी संपल्यावर तें सुरू झालें नसतें. इंजिन सुरू ठेवून झोंपणें हाही उपाय नव्हे, कारण त्याच्या धुरांतही तोच वायु असतो.

मग सूनबाईंनीं सूत्रें हातीं घेतलीं. सगळ्यांस उठविलें. प्रत्येकास कोरडे लोंकरी मोजे व कानटोपी घालावयास लावली. कपाटांतील गोधडी काढली, आम्ही ती अंगावर घेऊं लागलों तों त्या म्हणाल्या, "वर नको, खालीं घाला. ऊब खालून जाते आहे." अंगाच्या भारानें मऊ रजई दबते, तिच्यांतील हवा निघून जाते आणि ती निरुपयोगी होते, घट्ट शिवलेली गोधडी तितकी दबत नाहीं. मातोश्रींची गोधडी गादीवर आली, तिच्यावर आम्ही उभयतां, आमच्यामध्यें नातू, आणि सर्वांवर दोन रजया. निजण्यापूर्वीं भरून ठेवलेला थर्मास निघाला व त्यांतून वाफाळलेला चहा. निर्वात पोकळीची ही बाटली जेम्स ड्यूअर या स्कॉटलंडांत जन्मलेल्या शास्त्रज्ञानें १८९२ सालीं केली. त्याला आम्हीं त्या रात्रीं मनोमन नमस्कार केला. अर्ध्या तासांत नातू घामेजला आणि त्यानें पाय बाहेर काढले. एक वॅटही वीज खर्च न होतां आम्ही सातपर्यंत झोंपलों.

सकाळीं सौभाग्यवती मोजे काढीत असतां सूनबाईंनीं त्यांची टांच पाहिली. तिच्यावर रुपयाएवढा लाल चट्टा उठला होता. "दुखतें का?" म्हणून विचारलें तर त्या म्हणाल्या, "छे, मला कांहीं कळलेंच नाहीं." हें 'कळलेंच नाहीं' ऐकून आमच्या काळजांत धस्स झालें. पुष्कळ वर्षांच्या मधुमेहानें पायांची संवेदना मंद होते. चटका बसला तरी पाय मागें घेतला जात नाहीं, आणि पुढें ती जखम लवकर भरतही नाहीं. मॉरिट्झ व हेन्रिकेस या दोन अमेरिकन संशोधकांनीं १९४७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, ४४ अंश सेल्सिअस इतकी साधी वाटणारी उष्णताही त्वचेस सुमारें सहा तास एकसारखी लागून राहिली तर तिनें भाजतें. हातास जी ऊब सुखाची वाटते तीच रात्रभर एका जागीं लागली तर घातक ठरते. आमची बॅटरी चार तासांत संपली म्हणून तो चट्टा चट्ट्यावरच राहिला. ती सकाळपर्यंत टिकती तर काय झालें असतें, याचा विचार आम्हीं पुढें होऊन केला नाहीं. ज्या अंधारास रात्रीं आम्हीं दोष दिला त्यानेंच आमच्या घराचें रक्षण केलें. चट्टा चार दिवसांत मावळला.

आतां तो बॅटरीचा हिशेब. नातवाच्या पाटीवर आम्हीं तो स्वतः मांडला, कारण प्रायश्चित्त ज्याचें त्यानेंच घ्यावें लागतें. बॅटरी १०० अँपियर-तासांची, १२ व्होल्टांची. म्हणजे सांठा १२०० वॅट-तास. ती शिशाच्या जातीची असल्यामुळें अर्ध्याखालीं उतरूं देऊं नये, नाहीं तर तिचें आयुष्य घटतें. यासाठीं अर्ध्यावर येतांच प्रवाह तोडणारें यंत्र गाडींत होतें. उरले ६०० वॅट-तास. चादरीचे १२० वॅट, इन्व्हर्टर मध्यें खातो ते पंधरा-सोळा, आणि फ्रिजचे सरासरी तितकेच, एकूण दीडशें. सहाशेंस दीडशेंनीं भागलें म्हणजे चार तास. दहाला सुरू केलें, दोनला संपलें. चौथींतील मुलासही सुटेल असा हा भागाकार रात्रीं करण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. उलट, ५० वॅटांची १२ व्होल्टांची चादर रात्रभर आठ तास चालविली असती तरी ४०० वॅट-तास लागले असते. आणि अर्धा तास अंथरूण तापविण्यास तर अवघे २५ पुरतात. शिवाय घरगुती चादर इन्व्हर्टरवर चालवूं नये, असें पुष्कळ चादरींबरोबरच्या पत्रकांत छापलेलें असतें. तें पत्रक आमच्या उशाखालच्या कप्प्यांतच होतें.

तिसरा मुक्काम ब्रेमार या खेड्यांत झाला. ब्रिटनमधील थंडीचा नीचांक, म्हणजे शून्याखालीं २७.२ अंश, याच गांवीं ११ फेब्रुवारी १८९५ व १० जानेवारी १९८२ असा दोनदां नोंदला गेला आहे. आम्ही गेलों तेव्हां तितका कहर नव्हता. तरी रात्रीं पारा शून्याखालीं दोन अंश गेला. या वेळीं अंथरूण आम्हीं सूनबाईंच्या देखरेखीखालीं स्वतः घातलें. सर्वांत खालीं गादी, तिच्यावर गोधडी, तिच्यावर विजेची चादर सुरकुती न पडूं देतां पसरलेली, मग सुती चादर, आणि वर रजई. चाळीस मिनिटें बटण पूर्ण जोरावर ठेविलें. खर्च ८० वॅट-तास. अंथरुणांत शिरण्यापूर्वीं हाताच्या कोपरानें ऊब पाहिली, प्लग काढला, आणि सौभाग्यवतींनीं सैल लोंकरी मोजे घातले. छपराची खिडकी दोन बोटें उघडी ठेविली.

ही खिडकी उघडी ठेवण्याचें आम्हांस प्रथम नवल वाटलें होतें. इतकी मेहनत करून ऊब सांठवावी, आणि खिडकी उघडी? पण प्रत्येक मनुष्य रात्रभरांत श्वास व घाम यांवाटे पाव लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपानें बाहेर टाकतो. पांच माणसांची ती वाफ गार पत्र्यावर व कांचांवर जमून तिचें पाणी होतें, तें पांघरुणांत मुरतें, आणि ओलें पांघरूण ऊब धरीत नाहीं. पहिल्या दोन दिवशीं सकाळीं कांचांवरून ओघळ वाहत होते. ब्रेमारला कांचा बहुतेक कोरड्या होत्या. गाडींतील पारा सकाळीं ५ अंशांवर होता, नाक गार होतें, पण पांघरुणाखालीं आम्ही अगदीं सुखांत होतों. घरच्या माजघरांत याहून गाढ झोंप लागल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

वाचकांच्या उपयोगासाठीं चार गोष्टी पुनः एकत्र सांगतों. खोली तापविण्यापेक्षां अंथरूण तापवावें, आणि त्यांत शिरल्यावर बटण बंद करावें. मधुमेही, वृद्ध, लहान मूल, अथवा ज्यास स्वतःस बटण बंद करतां येणार नाहीं असा रुग्ण यांच्या अंगाखालीं चालू चादर कधींही ठेवूं नये. तिच्याबरोबर गरम पाण्याची पिशवी घेऊं नये. पिशवी गळली तर पाणी व वीज यांची गांठ पडते. चादर घडी न घालतां गुंडाळून ठेवावी, कारण घडीवर तार मोडते. कोठें काळा डाग किंवा उघडी तार दिसली तर ती दुरुस्त करण्याच्या भरीस न पडतां टाकून द्यावी, आणि दहा वर्षांनीं तर नवीच घ्यावी. ज्या गाडींत निजावयाचें तींत कार्बन मोनॉक्साइड ओळखून घंटा वाजविणारें लहानसें यंत्र अवश्य असावें. आणि हिमाचलांत असो, लडाखांत असो कीं स्कॉटलंडांत असो, ऊब मिळविण्यासाठीं बंद जागेंत ज्योत लावूं नये. पांच मिनिटेंही लावूं नये.

वाईस परत आल्यावर आमच्या थोरल्या वहिनींनीं सर्व हकीकत ऐकली, आणि आपल्यालाही तसली चादर हवी, असा हट्ट धरला. त्यांचें वय चौऱ्यांशीं. थंडींत सांधे धरतात. चादर आली. पण तिचें बटण वहिनींच्या हातीं नाहीं आणि आमच्याही नाहीं. तें धाकट्या पुतण्याच्या स्वाधीन आहे. तो नऊला सुरू करतो, साडेनऊला बंद करतो, आणि मगच वहिनी अंथरुणावर जातात. खालीं गोधडी आहेच. दर रविवारीं नातवाचा फोन येतो, आजीच्या टांचेची चौकशी झाल्यावर तो आम्हांस विचारतो, "आजोबा, बटण कोणाकडे आहे?" आम्ही खरें तें उत्तर देतों, आणि त्याचें समाधान होतें.